काचकाकांची खिडकी

बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला काचकाका हे नाव कोणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. ज्याने ठेवलं त्याने घाईत ठेवलं एवढं मात्र नक्की, कारण त्या खिडकीला काच नव्हतीच. होती ती अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक शीट. कुणी तिला काच म्हटलं की काका वेळापत्रकातून डोकं वर काढून सांगत, "काच नाही. अ‍ॅक्रिलिक." दिवसातून चार वेळा तरी सांगत. आता इतक्या वेळा सांगणाऱ्या माणसाला काचकाका नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

रोज सकाळी, खिडकी उघडायच्या वीस मिनिटं आधी, काकांचा कार्यक्रम सुरू होई. घरून आणलेली प्लॅस्टिकची दोन भांडी, थर्मासातलं कोमट पाणी, आणि बायकोच्या जुन्या फ्लॅनेलच्या गाऊनचे दोन तुकडे. त्या तुकड्यांची शिवण आणि काजं-बटणं काकांनी स्वतः कात्रीने काढून टाकलेली. पहिल्या भांड्यातलं साधं पाणी ते शीटवर वरून खाली ओघळू देत. फडका लावायचा नाही, फक्त धूळ वाहून जाऊ द्यायची. कारण धुळीत वाळूचा कण असतो, आणि कोरड्या फडक्याखाली तोच कण फरफटत जातो आणि रेघ मारतो. मग दुसऱ्या भांड्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, एकच, आणि त्यात भिजवलेला फ्लॅनेलचा तुकडा. तो वरून खाली सरळ फिरवायचा. गोल गोल नाही, आणि जोर तर अजिबात नाही. मग पुन्हा साधं पाणी. शेवटी दुसरा तुकडा नुसता टेकवून पाणी टिपायचं. कोरडं झाल्यावर हात लावायचा नाही, कारण ही शीट कोरडी घासली की उलट धूळ ओढून घेते.

शेजारच्या आरक्षणाच्या खिडकीतली मुलगी हे रोज बघायची आणि रोज काहीतरी बोलायची. "काका, तिच्याशी लग्न करताय का?" किंवा "काका, काकूंना इतकं प्रेमाने कधी पुसलंत का?" काका हसत. ती बोलताना नेमकी त्यांच्याकडे बघून बोलायची, म्हणून त्यांना उत्तरही देता यायचं. "काकूंना पुसायला गेलो तर फडका माझ्या हातात राहणार नाही."

हे सगळं त्यांना शिकवलं होतं ती शीट बसवायला आलेल्या कारागिराने. खिडकीचं नूतनीकरण झालं तेव्हा काका दिवसभर त्याच्याजवळ उभे राहिले होते. काम संपल्यावर त्याने बजावलं होतं, "काका, दिसायला काच आहे, पण काच समजून पुसलीत तर वाटोळं. काच पुसायचा फवारा नको, स्पिरिट नको, कागद नको, घासणी नको. चिकट काही लागलं तर गोडंतेल लावा आणि बोटाने सोडवा. स्पिरिट लागलं की हिला आतून भेगा पडतात. लगेच दिसत नाहीत. आणि पडायला लागतात त्या ह्या भोकांपासून." बोलणं पलीकडे पोचावं म्हणून शीटला तोंडाच्या उंचीवर सात भोकं पाडलेली होती. काकांनी हे वहीत लिहून घेतलं. कारागिराला वाटलं, सरकारी माणूस इतका मन लावून ऐकतोय म्हणजे आपलं काम फारच चांगलं झालेलं दिसतंय.

त्या सात भोकांचा काकांना काडीचा उपयोग नव्हता. काकांना ऐकू येत नव्हतं.

कानाचे डॉक्टर सोडले तर हे फक्त दोघांना ठाऊक होतं, काकांना आणि त्यांच्या बायकोला. सात वर्षांपूर्वी मोठ्या तापातून उठले तेव्हा उजवा कान गेलेला होता. डावा त्यानंतर सावकाश, वर्षभर रेंगाळत गेला. कानाच्या डॉक्टरांनी नस गेली म्हणून सांगितलं आणि यंत्र दिलं. यंत्राने काय केलं, तर अख्खं बसस्थानक काकांच्या डोक्यात आणून ओतलं. हॉर्न, शिट्ट्या, खोकले, बादल्या, सगळं आलं. शब्द तेवढे आले नाहीत. चार दिवसांत यंत्र कपाटात गेलं आणि काकूंनी शाळा सुरू केली.

शाळा जेवणाच्या टेबलावर भरायची. काकू समोर बसायच्या आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायच्या. काकांनी ओळखायचं. पहिले काही महिने नुसता गोंधळ. प, ब, भ, म या अक्षरांना ओठ सारखेच मिटतात, बघणाऱ्याला फरक कळत नाही. काकू विचारायच्या, "मीठ वाढू?" काकांना दिसायचं, "पीठ वाढू?" मग काका विचार करायचे की ताटात पीठ कोण वाढणार, म्हणजे मीठच असणार. असं करत करत ते शिकले. ओठांनी फसवलं तर पुढचा शब्द सांगायचा, शब्दाने फसवलं तर चेहरा सांगायचा. लोक करतात तो कानाडोळा वेगळा; काकांचा कान खरोखरच डोळ्यात जाऊन बसला होता.

खिडकीवर तर काम त्याहून सोपं. बसस्थानकावर माणसं विचारून विचारून काय विचारणार? गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, शौचालय कुठे, आणि माझी पिशवी गाडीत राहिली. हरवलेल्या वस्तूंची नोंद त्याच खिडकीवर व्हायची. प्रश्न ठरलेले, उत्तरं पाठ. अडचण एकाच माणसाची होती, ती म्हणजे स्थानकाच्या साहेबांची. साहेब कधीही मान वर करून बोलत नसत. समोरच्या कागदात बघत बोलायचे, त्यामुळे काकांना दिसायचं ते साहेबांचं टक्कल. त्यावर काकांनी तोडगा काढला होता. टक्कल हलायचं थांबलं की म्हणायचं, "हो साहेब." मग बाहेर येऊन शेजारच्या मुलीकडून गप्पांच्या ओघात काढून घ्यायचं की आपण कशाला हो म्हणून आलो. सहा वर्षांत हे एकदाही अंगाशी आलं नव्हतं.

हे सगळं लपवायचं कशाला, असं कुणीही विचारेल. काकूही विचारायच्या. नियम असा होता की चौकशीवरच्या माणसाचे कान शाबूत हवेत. नसले तर नोकरी जात नव्हती, पण खिडकी जात होती. मागच्या बाजूला हरवलेल्या वस्तूंची खोली होती. खिडकी नसलेली, छत्र्या आणि एकेकट्या चपलांनी भरलेली. तिथे बसवलं असतं. काकांना अजून पाच वर्षं काढायची होती. त्यांना माणसं लागत. त्यांना मूल नव्हतं, घरी दोघंच, आणि दिवसाकाठी त्यांच्यासमोर चारशे चेहरे येऊन जात. कुणी घाबरलेला, कुणी चिडलेला, कुणी पहिल्यांदाच एकटा निघालेला. त्यांना वाटेला लावण्यात काकांचा जीव रमत असे. बहिरेपणाचं त्यांना तितकंसं दुःख नव्हतं. त्या छत्र्यांची मात्र त्यांना खरोखर भीती वाटायची.

तीन महिन्यांपूर्वी सफाईच्या कंत्राटावर एक नवीन मावशी आल्या. वयाने काकांच्याच आगेमागे असतील, पण सफाईचं काम करणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणतात म्हणून काकाही म्हणत. त्या काकांना भाऊ म्हणत. कामाला अशा वाघ की त्यांनी पहिल्याच आठवड्यात फलाटाच्या फरशीचा मूळ रंग शोधून काढला. त्या पुसायला आल्या की बाकीचे लोक पाय वर घेऊन मोबाइलमध्ये बघत बसायचे. काका खुर्चीवरून उठून बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, "दमलात तर बसा दोन मिनिटं." एवढंच. पण एवढं दिवसभरात दुसरं कुणी म्हणत नसे, आणि मावशींच्या मनात ते राहिलं. हा भला माणूस रोज सकाळी येऊन स्वतः काच पुसतो आणि आपण सफाईवाल्या असून नुसत्या बघतो, ही गोष्ट त्यांना खायला लागली.

एके दिवशी काका दाढ काढायला म्हणून रजेवर होते. त्याच दिवशी कुणा टवाळाने खिडकीवर खोली भाड्याने देणे असल्याचा भलामोठा कागद चिकटवला. मावशींनी संधी साधली. आधी नखाने, मग हिरव्या घासणीने त्यांनी तो कागद उतरवला. राहिलेला गोंद निघावा म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट आणलं आणि सढळ हाताने ओतलं. मग घरी काच पुसतात तशी वर्तमानपत्राच्या बोळ्याने ती शीट खालपासून वरपर्यंत अशी रगडली की घाम आला. शीट लखलखली. मावशी दोन पावलं मागे जाऊन बघून आल्या.

दुसऱ्या दिवशी काका सुजलेला गाल घेऊन आले. हातातला थर्मास खाली ठेवायच्या आत त्यांना वास आला. मावशी वाटच बघत होत्या. त्यांचा चेहरा असा फुललेला की ओठ वाचायचीही गरज नव्हती. "बघा भाऊ! आरसा करून ठेवलाय. आता उद्यापासून तुम्ही हात लावायचा नाही, हे काम माझं."

काकांनी वाकून बघितलं. घासणीचे ओरखडे होते, पण ते तिरप्या उजेडात दिसत होते, त्यांचं एवढं नाही. सातही भोकांच्या कडेने केसासारख्या बारीक पांढऱ्या भेगा फुटायला लागल्या होत्या. ते वळले, आणि समोर मावशींचा तो चेहरा.

"छान केलंत मावशी," ते म्हणाले.

पुढच्या चार दिवसांत भेगा पसरत गेल्या. भोकं तोंडाच्या उंचीवर असल्यामुळे बरोबर त्याच जागी एक पांढुरका पट्टा तयार झाला. पलीकडच्या माणसाचे डोळे दिसत, कपाळ दिसे, हातातली पिशवी दिसे. तोंड तेवढं धुक्यात. काकांनी फ्लॅनेलवर दात घासायची पेस्ट घेऊन हलक्या हाताने पॉलिश करून बघितलं. ओरखडे थोडे निवळले, पण भेगा पुसून जात नाहीत, कारण त्या वर नसतात, आत असतात. शीट धूसर झालीय, समोरच्याचं नीट कळत नाही, असं लिहून त्यांनी नव्या शीटसाठी अर्ज केला. साहेब स्वतः येऊन बघून गेले, बोटाने टकटक वाजवली आणि, शेजारच्या मुलीने नंतर सांगितलं त्याप्रमाणे, म्हणाले, "फुटलीय कुठे? उजेड तर येतोय."

मग काकांची कसरत सुरू झाली. "जरा डावीकडे सरका, तिथे बरं पडतं." "जरा वाका." उंच माणसं आणि शाळकरी मुलं पट्ट्याच्या वर-खाली असल्याने वाचता येत. मधल्या उंचीचे, म्हणजे जवळपास सगळेच, पट्ट्यात. काका अंदाजावर चालवत होते. एका आजोबांनी शौचालय विचारलं तर काकांनी त्यांना सव्वातीनची वेळ सांगितली. आजोबा बिचारे घड्याळ बघत राहिले. शेजारच्या मुलीने हे बघितलं.

"काका, तुम्हाला बरं नाहीये का?" तिने विचारलं.

"वय झालं गं," काका हसून म्हणाले. ती हसली नाही.

घरी काकूंनी ताट वाढता वाढता हात थांबवला आणि ओठांनी सांगितलं, "सांगून टाका आता. पुरे झालं."

"दुसरा अर्ज दिलाय. आठ दिवसांत नवी शीट येईल," काका म्हणाले.

"आणि नाही आली तर?"

काकांनी ताटात बघितलं. ताटात बघितलं की पुढचा प्रश्न दिसत नाही, हे त्यांना सहा वर्षांत पक्कं कळलं होतं. काकूंनी टेबलावर हात आपटला. त्याचा हादरा त्यांना कळला, तरी त्यांनी मान वर केली नाही.

नवव्या दिवशी, भर दुपारी, तीन गाड्या एकदम लागलेल्या असताना एक तरुण बाई गर्दी बाजूला सारत खिडकीशी आली. खांद्याची पिशवी कोपरावर घसरलेली, डोळे विस्फारलेले. तिने शीटला अगदी तोंड लावून काहीतरी सांगितलं. पांढऱ्या पट्ट्यामागे काकांना ओठ एकदा मिटून मोठे उघडलेले दिसले, जीभ मागे वळलेली दिसली. माळ. पुढचं नुसतं धूसर, शेवटी "दिसत नाहीये." बाईचा हात गळ्याशी होता.

गळ्यातली माळ हरवून रडणाऱ्या बायका काकांनी बऱ्याच बघितल्या होत्या. त्यांनी आवाज मऊ केला.

"घाबरू नका ताई. बहुतेक वेळा गाडीतच सापडते. कशी होती? सोन्याची?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिने पुन्हा काहीतरी सांगितलं, मोठ्याने सांगितलं असावं, कारण रांगेतली माणसं वळली. काकांनी फटीतून फॉर्म सरकवला. "यात वर्णन लिहा. रंग, लांबी, काही खूण. आणि ताई, इतकं जिवाला लावून घेऊ नका. नाहीच सापडली तर दुसरी घेता येते."

बाईने दोन्ही मुठी शीटवर आपटल्या. काकांच्या हाताखालचं टेबल हादरलं. ती ओरडत होती, आणि काका तिच्या डोळ्यांकडे बघून समजुतीने मान हलवत होते. तेवढ्यात शेजारची मुलगी आपली खुर्ची पाडून उठली आणि घोषणेच्या माईककडे धावली. फलाटावरची सगळी माणसं एकदम इकडेतिकडे बघायला लागली, बाकांखाली वाकायला लागली. काकांना वाटलं, एका माळेसाठी लोक किती करतायत.

पुढे काय झालं ते त्यांना नंतर कळलं. दीड वर्षाची मुलगी, पिवळा फ्रॉक. आई नळाला बाटली लावून उभी होती तेवढ्यात ती चालत निघाली ती सरळ पाचव्या फलाटावर, मागे घ्यायला निघालेल्या गाडीच्या मागे. तिथे चाकाशी उकिडवी बसून ती बाटलीचं झाकण उचलत होती. ड्रायव्हरने गिअर टाकलेला होता. घोषणा ऐकून कंडक्टर मागे बघायला उतरला, आणि त्याने अशी शिट्टी मारली म्हणतात की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

काकांनी बघितलं ते इतकंच. गर्दी दुभंगली आणि ती बाई परत आली, कडेवर पिवळ्या फ्रॉकमधलं मूल घट्ट धरून. ती पट्ट्यामागे येऊन उभी राहिली. काकांनी मुलाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि ओठांचं ते मिटून उघडणं त्यांना पुन्हा दिसलं. माळ नाही. बाळ. एकाच ओठांतून दोन्ही निघतात. समोरची जिवणी नीट दिसली असती तर त्यांनी "माझं" आणि "माझी" एवढ्यावरून फरक ओळखला असता. दुसरी घेता येते, असं आपण हिला म्हणालो. त्यांनी टेबल धरलं.

ती बोलत होती. खूप बोलत होती. धुक्यात तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि काकांना त्यातला एक शब्द दिसत नव्हता. ते नुसती मान हलवत राहिले. तिला वाटलं, हा किती निर्लज्ज माणूस आहे, मानेने हो हो म्हणतोय. तिने तक्रारवही मागून घेतली आणि उभ्या उभ्या दीड पान लिहिलं.

त्या दुपारनंतर काकांनी खिडकी बंद केली. रात्री जेवले नाहीत. काकूंना त्यांनी सगळं सांगितलं आणि काकू त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये शेजारची मुलगी होती, साक्षीला. आणि दाराशी मावशीही उभ्या होत्या. त्यांना कशाला बोलावलं असेल हे काकांना कळेना. साहेबांसमोर तक्रारवही उघडी होती आणि बाजूला कोरा कागद. साहेब बोलायला लागले. टक्कल हलत होतं, पेन कागदावर चालत होतं. काकांना काहीही दिसत नव्हतं. मन आधीच ठिकाणावर नव्हतं. रात्रभर गाडीचं चाक आणि पिवळा फ्रॉक डोळ्यांपुढून हलला नव्हता. टक्कल थांबलं. सहा वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"हो साहेब."

आणि त्यांनी मावशींकडे बघितलं. मावशींचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी दाराची चौकट धरली होती आणि त्या काकांकडे अशा बघत होत्या, जणू आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बघत असाव्यात. शेजारच्या मुलीचं तोंड उघडं राहिलं होतं.

"मी कशाला हो म्हणालो?" काकांनी तिला विचारलं.

मुलगी चक्रावली. पण तिने त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं, "साहेब म्हणाले, मावशींनी स्पिरिट ओतून काच खराब केली म्हणून तुम्हाला नीट कळलं नाही, चूक त्यांची आहे, मग त्यांना कामावरून कमी करा असं लिहू का? आणि तुम्ही हो म्हणालात, काका."

यात खोटं तसं काही नव्हतं. शीट मावशींनीच घालवली होती. साहेबांना कागदावर लिहायला एक माणूस हवा होता आणि तो मिळाला होता. आता गप्प बसलं की नवी शीट येणार, खिडकी राहणार, चारशे चेहरे राहणार. काकांना हे सगळं एका क्षणात दिसलं. ते काही साधुपुरुष नव्हते, त्यांना मोह झाला. कागदावर मावशींचं नाव निम्मं लिहून झालं होतं.

"साहेब," काका म्हणाले, "मान वर करा."

साहेबांशी असं कुणी बोललेलं नव्हतं. पेन थांबलं.

"मान वर करून बोला. खाली बघून बोललात तर मला काही कळत नाही. मला ऐकू येत नाही साहेब. सहा वर्षं झाली. मी तोंडं बघून चालवतो. आत्ता तुम्ही काय विचारलंत ते मला ठाऊकच नव्हतं, मी नुसता हो म्हणालो. नेहमीच म्हणतो. मावशींचं नाव खोडा. काच समजून पुसली त्यांनी. ती काच नाही हे मी अख्ख्या स्थानकाला सांगत फिरलो आणि त्यांना तेवढं सांगितलं नाही. त्या पोरीला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे घारे होते, हे काकांना त्या दिवशी कळलं. ते काहीतरी म्हणाले, पण बोलता बोलता सवयीने पुन्हा कागदात बघितलं. मग थांबले, मान वर केली आणि तेच पुन्हा, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले.

"आता तुम्हाला त्या खिडकीवर ठेवता येणार नाही. मागच्या खोलीत जावं लागेल. आजपासूनच."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर मीही नसतं ठेवलं."

साहेबांनी कागदावरचं निम्मं नाव खोडलं, दोनदा रेघ मारून खोडलं, आणि कागद काकांना दिसेल असा फिरवून धरला.

बाहेरच्या बोळात मावशी पुढे चालत होत्या. त्यांचे खांदे हलत होते, एक हात हवेत उठत होता, खाली येत होता. म्हणजे त्या बोलत होत्या. काका थांबले.

"मावशी, मला तुमची पाठ दिसतेय."

मावशी थबकल्या. परत फिरून आल्या आणि त्यांच्या पुढ्यात, अगदी हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. बाहीने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग सावकाश, शाळेतल्या पोराला सांगावं तसं म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी मला शिव्या का नाही दिल्या? छान केलंत म्हणालात. शिव्या द्यायच्या होत्या. मला एक दिवस वाईट वाटलं असतं, दुसऱ्या दिवशी मी विसरले असते."

"तुम्ही किती खुश होतात," काका म्हणाले. मग त्यांनाच ते पटलं नाही. त्यांनी खाली बघितलं आणि लगेच मान वर केली. "नाही मावशी. ते खरं नाही. शिव्या दिल्या असत्या तर तुम्ही विचारलं असतंत, एवढं काय झालं एका काचेपायी. मग मला सांगावं लागलं असतं. मी तुम्हाला नाही जपलं, मला जपलं."

मावशींनी मान हलवली. मग नुसती मान पुरायची नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी काकांच्या तोंडाकडे बघत, ओठ नीट उघडून म्हटलं, "कळलं."